कॅमेरा नंतर, आधी फळी

पत्र थोडक्यात : करी रोडच्या, रुळांजवळच्या एका चाळीतून, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या मुलाचं पत्र आलं आहे. लेगोचे ठोकळे आणि त्यातली छोटी माणसं घेऊन स्टॉप-मोशन फिल्म (वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते सलग चालवायचे) करायचा त्याला नाद आहे. सध्याची फिल्म तीन मिनिटांची आहे : छत्री घेतलेला एक माणूस पावसात धावत निघतो, वाटेतलं डबकं उडी मारून ओलांडतो आणि फलाटावर लोकल गाठतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ फोटो, धरून मोबाइलवर ७०० फोटो काढून झाले आहेत. पण चित्र लुकलुकतं, मध्येच अख्खा सेट हलतो आणि माणूस चालण्याऐवजी नुसता सरकतो. साठवलेल्या २८,००० रुपयांत जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा असं त्याच्या मनात आहे. बाबा म्हणतात, खेळण्यांपायी पैसे घालवू नकोस, कॉलेजसाठी लॅपटॉप घे. दहा बाय बाराच्या खोलीत एकच टेबल, ते रात्री जेवायला रिकामं करावं लागतं; आजी पंखा बंद करू देत नाही. ‘कॅमेरा घेऊ, की स्वतःची खोली होईपर्यंत हे सगळं गुंडाळून ठेवू?’ असं तो विचारतो.

उत्तर :

तू दोनच वाटा दाखवल्या आहेस आणि दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरली आहेस : दोष मोबाइलचा, नाहीतर खोलीचा. तुझ्या तीन तक्रारी जरा सुट्या करून बघ. लुकलुक होते ती उजेडामुळे आणि मोबाइलच्या ऑटोमॅटिक सेटिंगमुळे. सेट हलतो, कारण कॅमेरा एका जागी उभा आहे आणि सेट दुसऱ्या. माणूस सरकतो तो पाय टाकण्याच्या पद्धतीमुळे. यातलं काहीही डीएसएलआर घेऊन सुटणार नाही. उलट एका दुखण्याची भर पडेल. डीएसएलआरच्या ऑटोमॅटिक लेन्समधली अ‍ॅपर्चरची पाती (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी) प्रत्येक फोटोला मिटतात आणि उघडतात, आणि दर वेळी केसभर फरकाने मिटतात. एरवीच्या फोटोत तो फरक कळत नाही, पण ओळीने पन्नास फोटो चालवले की चित्र धडधडायला लागतं. त्यावर उपाय म्हणून लोक हाताने अ‍ॅपर्चर फिरवायच्या जुन्या लेन्स शोधत बसतात. बहुतेक मोबाइलना एकच ठरलेलं अ‍ॅपर्चर असतं, त्यामुळे हा त्रास तुला आज मुळातच नाही.

काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला दे. सेट लाव, एक माणूस उभा कर आणि कशालाही हात न लावता २४ फोटो काढ. मग आणखी २४ काढ. या वेळी प्रत्येक फोटोआधी हात सेटमध्ये घाल, माणसाला धरल्यासारखं कर आणि काहीही न हलवता हात बाहेर घे. तिसरे २४ गाड्यांची वर्दळ असताना, दोन-तीन लोकल जाऊ देत काढ. तिन्ही तुकडे सेकंदाला १२ फ्रेमने चालवून बघ. पहिल्याच तुकड्यात लुकलुक दिसली तर ती उजेडाची किंवा मोबाइलची. फक्त दुसऱ्यात दिसली तर ती तुझी : अंगातल्या पांढऱ्या टी-शर्टवरून उजेड सेटवर उडतो, किंवा तू दर वेळी वेगळ्या जागी उभा राहतोस. तिसऱ्यातच चित्र सरकलं तर कारण रुळांकडून येतंय. ही चाचणी न करता एकदम सगळं बदललंस, तर नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आता मोबाइल. नेहमीचा ऑटो मोड सोड आणि प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), शटर (किती वेळ उजेड आत येतो), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंगांची जुळणी) या चारही गोष्टी हाताने ठरवून टाक. आयएसओ सगळ्यात कमी, ५० किंवा १००. शटर मुद्दाम मंद ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर झटकन मिटलं तर एका फोटोत तेज क्षण सापडतो, दुसऱ्यात मंद. १/५० किंवा १/२५ ला हे बरंच सावरतं, १/१० ला आणखी. सेटवर काही हलत नसतं, त्यामुळे मंद शटरचं इथे नुकसान काहीच नाही. एचडीआर, नाइट मोड, सीन ओळखणारी हुशारी, सगळं बंद कर, कारण मोबाइल प्रत्येक फोटो आपल्या मनाने वेगळा रंगवतो. जवळ गेल्यावर आपोआप मॅक्रो लेन्सवर उडी मारण्याची सोय असेल तर तीही बंद. शॉट चालू असताना लेन्स बदलली की तो शॉट गेला. एरोप्लेन मोड लाव, एका मेसेजची थरथरसुद्धा पुरते. बटण बोटाने दाबू नकोस. ब्लूटूथ रिमोट घे (एरोप्लेन मोडनंतर ब्लूटूथ परत चालू करावं लागेल) किंवा वायरच्या इयरफोनचं व्हॉल्यूम बटण चालतं का बघ, बऱ्याच मोबाइलवर चालतं.

उजेडाच्या बाबतीत पहिला नियम : खिडकीतला उजेड पूर्ण बंद. ढग सरकला की फोटो बदलतो, आणि मुंबईच्या आकाशावर जून ते सप्टेंबर अजिबात भरवसा ठेवता येत नाही. जाड काळं कापड लाव किंवा सरळ रात्री काम कर. ट्यूबलाइट बंद. ती चालू असेल आणि खाली पंखा फिरत असेल, तर पात्यांच्या सावल्या सेटवर फिरतात. तुझ्या लुकलुकीत त्यांचाही वाटा असणार, अशी मला दाट शंका आहे. दोन लहान यूएसबी एलईडी पुरेत. ते घरातल्या प्लगवर न लावता पॉवर बँकेवर लाव, म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी उजेड दबणार नाही. काही पॉवर बँका कमी वीज ओढली गेली की आपोआप बंद होतात, तेव्हा आधी अर्धा तास लावून बघ. दिव्याला डिमर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. डिमर बरेचदा दिवा झपाट्याने चालू-बंद करूनच मंद करतो. उजेड कमी हवा असेल तर दिवा लांब ने.

लेगोचं प्लास्टिक चकचकीत असतं. उघडा दिवा माणसाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होऊन बसतो आणि डोकं वळवलं की जागा बदलतो. दिव्यापुढे दहा-पंधरा सेंटिमीटरवर बटर पेपर ताण आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा कर. गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. बोटांचे ठसे शॉटच्या आधी मऊ कापडाने पूस, मध्ये पुसू नकोस, नाहीतर चकाकी एकदम बदलते. धूळ मात्र सतत बघावी लागते. मोठ्या, मऊ रंगाच्या ब्रशने हलकेच उडव. उघड्या डोळ्यांना न दिसणारा कण पडद्यावर माणसाच्या डोक्याएवढा नाचतो.

आता फळी. खर्च करायचाच असेल तर पहिला हा कर. सेट हलला की नाही यापेक्षा कॅमेऱ्याच्या तुलनेत हलला की नाही, एवढंच फोटोला कळतं. आज तुझा मोबाइल तिकाटण्यावर आहे आणि सेट टेबलावर. गाडी गेली, कुणी खुर्ची ओढली, की दोघं वेगवेगळे हलतात. सुताराकडून किंवा प्लायवुडच्या दुकानातून १८ मिमी जाडीचा, साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा तुकडा आण. एका कडेला एल-अँगल स्क्रूने बसव आणि त्यावर मोबाइलचा होल्डर घट्ट कर. बेसप्लेट, म्हणजे सेट ज्यावर उभा राहतो तो लेगोचा चपटा तळ, त्याच फळीवर. ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) बेसप्लेट सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटर चौरस असते, म्हणजे दिव्यांना जागा उरते; दिवेही फळीलाच लाव. बेसप्लेट चिकटवायला फोमची जाड टेप वापरू नकोस, ती दाबली की दबते आणि सोडली की वर येते. पातळ दुहेरी टेप चालेल, पण पावसाळ्याच्या दमट हवेत ती सुटते, म्हणून चार कडांना वॉशर घालून स्क्रू मार. वॉशरने बेसप्लेटची कड दाबून धरायची, बेसप्लेटला भोक पाडायचं नाही.

अशी फळी झाली की जेवणाचं टेबल हा प्रश्नच उरत नाही. शॉट संपला की फळी उचलायची आणि कपाटावर ठेवायची. मात्र एक शॉट दोन बैठकांत कधी तोडू नकोस. चार सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला १२ धरून ४८ फोटो. सेट तयार असेल तर जेवणानंतर ते आरामात होतात. आजीचा पंखाही चालू दे. भर उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करून कुठली कला होत नाही. फळीच्या तीन बाजूंना थर्माकोल उभा केला की वारा अडतो, आणि हलण्यासारखं सेटवर ठेवायचंच नाही : कागदाचा पडदा पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेला, कापूस नाही, सुटं कापड नाही.

२४ फ्रेमचा हट्ट कशासाठी, हेही विचारायचं आहे. बहुधा तुझ्या डोळ्यांसमोर २०१४ चा ‘द लेगो मूव्ही’ आहे. तो संगणकावर केलेला आहे, आणि गंमत म्हणजे तो करणाऱ्यांनी खऱ्या ठोकळ्यांच्या फिल्मसारखा दिसावा म्हणून हालचालीतला धूसरपणा मुद्दाम टाळला आणि माणसांना खऱ्या लेगोच्या सांध्यांपलीकडे वाकू दिलं नाही. ते ज्या खडबडीतपणाची नक्कल करत होते, तो तुला फुकट मिळतो आहे आणि तू तो घालवायला बसला आहेस. हाताने ठोकळे हलवणारे बहुतेक जण सेकंदाला १२ किंवा १५ फ्रेमवर काम करतात. २४ ला प्रत्येक हालचाल निम्मी होते, आणि चार सेंटिमीटरच्या माणसाला एक मिलिमीटर हलवताना अर्ध्या मिलिमीटरची चूक होतेच. तीच थरथर दिसते. शिवाय हिशोब बघ : तीन मिनिटांना २४ ने ४,३२० फोटो, १२ ने २,१६०. माझं ऐकशील तर फिल्मही दीड मिनिटांची कर. धावणं, डबकं, गाडी, एवढ्याला तीन मिनिटं लागत नाहीत. म्हणजे राहिले १,०८० फोटो.

चालण्याकडे येऊ. १९७८ पासून लेगोचा हा माणूस जवळपास तसाच आहे : गुडघा नाही, कोपर नाही, पाय फक्त पुढे-मागे, हात खांद्यातून, मनगट आणि डोकं नुसतं गोल फिरतं. तू बहुधा माणूस पुढे सरकवतोस, मग पाय जमतील तसे हलवतोस. त्यात टेकलेला पाय जमिनीवरून घसरतो आणि डोळ्याला तेवढंच दिसतं. म्हणून हिशोब टेकलेल्या पायापासून सुरू कर. उजवा पाय पुढे, डावा मागे, दोन्ही साधारण २५ अंश. आता उजव्या पायाचं पाऊल जिथे आहे तिथेच राहील आणि धड दर फ्रेमला २ मिमी पुढे जाईल. तिसऱ्या हालचालीनंतर दोन्ही पाय सरळ, सहाव्यानंतर डावा पुढे, उजवा मागे. सहा हालचाली, सुमारे १२ मिमी, म्हणजे दीड स्टड, एक पाऊल. अर्ध्या सेकंदाला एक पाऊल ही निवांत चाल झाली. घाईत असलेल्याला चार फ्रेम आणि दर फ्रेमला ३ मिमी, धावणाऱ्याला तीन फ्रेम आणि धड पुढे झुकलेलं. पाय फाकले की माणूस मिमीभर खाली येतो, सरळ झाले की वर जातो. हा चढउतार राहू दे, चालीला वजन त्यानेच येतं. हात पायांच्या उलटे.

हे स्टडवर जमणार नाही, कारण तिरकं पाऊल स्टडवर बसत नाही. रस्ता आणि फलाट गुळगुळीत टाइलचा (वर स्टड नसलेल्या चपट्या ठोकळ्यांचा) कर आणि टेकलेल्या पावलाखाली तांदळाच्या दाण्याएवढा ब्लू-टॅक (कणकेसारखा मळता येणारा चिकट गोळा) लाव. जास्त लावलास तर कडेने दिसतो. उकाड्यात तो मऊ पडून माणूस हळूहळू कलतो. अशा वेळी गोळी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घे. अ‍ॅपमध्ये मागची फ्रेम अंधुक दाखवणारी ओनियन स्किनची सोय असते. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’मध्ये आहे. त्यात सगळा माणूस जुळवत बसू नकोस, फक्त टेकलेलं पाऊल जुळतंय का ते बघ. नितंबाचा किंवा मनगटाचा सांधा ढिला झाला असेल तर नेलपॉलिश लावू नकोस, त्यातलं द्रावण प्लास्टिक खातं. स्वयंपाकघरातल्या क्लिंग रॅपचा बारीक तुकडा सांध्यात अडकवला की पुरतो. छत्री धरलेला हात तिच्या वजनाने खाली येणारच, तिथे हा तुकडा आधीच घाल.

डबक्यावरची उडी हा फिल्ममधला सगळ्यात सुंदर शॉट होऊ शकतो. उडी मारणारा वर जाताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो, आणि हे गणित लेगोच्या प्लेटमध्येच आहे. एक प्लेट, म्हणजे लेगोचा पातळ ठोकळा, ३.२ मिमी उंच. माणसाच्या पायांखाली १ बाय २ च्या प्लेटचा खांब कर आणि फ्रेमगणिक उंची अशी ठेव : ०, ३, ५, ६, ५, ३, ० प्लेट. उंचीतला फरक तीन, दोन, एक, मग उतरताना एक, दोन, तीन. अर्ध्या सेकंदाची ही कमान डोळ्याला खरी वाटते. पुढे सरकणं मात्र दर फ्रेमला सारखंच, एक स्टड. उडीआधी गुडघे वाकवता येत नाहीत, म्हणून धड कमरेतून पुढे झुकव, हात मागे ने आणि तिथे तीन फ्रेम थांब. तो थांबा नसेल तर उडी कुणीतरी उचलून ठेवल्यासारखी दिसते. उतरल्यावर पुन्हा झुकव, दोन फ्रेम.

खांब पुसण्यासाठी उडीआधी आणि उडीनंतर, माणूस व खांब दोन्ही काढून, रिकाम्या सेटचा एकेक फोटो घे. दोनदा अशासाठी, की मध्ये उजेड किंचित बदलला असेल तर जवळचा रिकामा फोटो वापरता येतो. मग संपादनात खाली रिकामा फोटो, वर उडीचा, आणि वरच्यातला खांब मऊ कडेच्या ब्रशने पुसायचा. खांबाची सावली आणि डबक्यातलं त्याचं प्रतिबिंबही पूस. माणसाची सावली मात्र ठेव. पुसायचे फोटो फक्त पाच आहेत. डबकं पारदर्शक टाइलचं कर, आणि छत्रीवरचे थेंब ग्लिसरीनचे. पाणी तासाभरात सुकतं किंवा ओघळतं.

लोकल अख्खी बांधू नकोस. फलाटाच्या दोन खांबांमध्ये दिसेल एवढाच पट्टा, खिडक्या आणि एक दार पुरे. लोकलच्या जांभळ्या रंगाचे ठोकळे मिळायला कठीण, तिथे कागदाची पट्टी चिकटव. थांबताना दर फ्रेमला ४, ४, ३, ३, २, २, १, १ स्टड असं सरकव.

कोनाबद्दल एकच सांगतो. मोबाइल उलटा बसव, म्हणजे लेन्स फळीजवळ, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. ही उंची सुमारे तीन सेंटिमीटर. वरून घेतलेला फोटो खेळण्याचा दिसतो, या उंचीवरून घेतलेला रस्त्याचा. फार जवळ जाऊन फोकस सुटत असेल तर वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे ये आणि दोन पट झूम वापर. आकाशाचा कागद मॅट हवा आणि सेटच्या मागे जेवढा लांब नेता येईल तेवढा.

राहिले बाबा. त्यांचं ‘खेळणी’ तुला लागलं आहे, ते समजतं. पण त्यांच्या बोलण्यातला लॅपटॉप तू ऐकलेला दिसत नाहीस. खांब पुसणं, फोटो जुळवणं, आवाज लावणं हे सगळं मोबाइलच्या पडद्यापेक्षा लॅपटॉपवर कितीतरी सोपं जातं. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तुझ्या कामाला पुरून उरेल, पण त्याला बरी मेमरी लागते, तेव्हा घेताना १६ जीबी रॅमचा आग्रह धर, जुना घेतलास तरी चालेल. उद्या डीएसएलआर घेतलास तरी ओनियन स्किनसाठी तो सहसा लॅपटॉपलाच जोडावा लागतो. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलास तरी आधी लॅपटॉपच. फळी, दिवे, रिमोट, ब्लू-टॅक यांना साधारण दोन हजार बाजूला काढ, बाकी बाबांच्या म्हणण्याप्रमाणे कर आणि पहिली पन्नास फोटोंची उडी त्यांना त्याच लॅपटॉपवर दाखव. खेळण्यांचा विषय निघालाच तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगपेटीच्या काड्या एकेक फ्रेमने हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, हेही सांगता येईल. पण वाद जिंकायला म्हणून सांगू नकोस. त्यांना काळजी तुझ्या प्रवेशाची आहे, काड्यांची नाही.

ते ७०० फोटो फेकू नकोस. २४ च्या हिशोबाने काढलेले असल्यामुळे प्रत्येक दोनातला एक ठेवलास तर १२ ला वेग तोच राहतो. आणि दोनातला कुठला ठेवायचा हे तुझ्या हातात आहे : जो आधीच्या निवडलेल्या फोटोच्या उजेडाशी जुळेल तो. लुकलुक बरीचशी इथेच गळून पडेल. सरकणारी चाल यातून सुधारणार नाही, ते शॉट पुन्हा घ्यावे लागतील. पण माणूस उभा आहे, छत्री उघडतोय, गाडीची वाट बघतोय, असे तुकडे वाचतील. त्यांची आधी यादी कर, म्हणजे नवीन किती काढायचे ते कळेल.